वाकलेल्या बायांची पावलं

गोंदियाच्या बागेत सकाळी फिरायला येणाऱ्या बायांच्या मनगटावर आजकाल काळे पट्टे दिसतात. दिवसभरात किती पावलं चाललो ते हा पट्टा सांगतो म्हणे. मागच्या वर्षी माझ्या नवऱ्यानेही मला एक आणून दिला. मी तो बांधला, तोंडाने एक ते पाचशे मोजत बागेत चालले आणि पट्ट्याकडे पाहिलं. पट्टा म्हणाला, चारशे ऐंशी. संध्याकाळी मी ओट्यापाशी एका जागी उभी राहून कणीक मळली, तर त्याने मला सत्तर पावलं चालवली. "परत करून या हे," मी म्हटलं. नवरा हसला. म्हणाला, "अगं, माणसांवर नाही तर निदान मशीनवर तरी विश्वास ठेव!"

माणसांवर माझा विश्वास आहे बाप्पा. भरपूर आहे. मशीनची मात्र मी उलटतपासणी घेते, कारण माझी पहिली नोकरीच ती होती. मशीन खरं बोलते की खोटं, ते पाहायची.

दोन हजार साल उलटून सात-आठ वर्षं झाली असतील. मी बी.एस्सी. होऊन घरी बसले होते. आई-बाबा दोघंही लोकांच्या शेतात कामाला जायचे, आणि आईचा एकच हट्ट होता की मी चिखलात पाय घालायचा नाही. सुट्टीच्या दिवशीसुद्धा ती मला बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरू द्यायची नाही. तर अशी मी, धानाच्या मुलुखात जन्मून एकदाही रोवणी न केलेली मुलगी. नागपूरच्या एका कॉलेजातल्या डॉक्टर सरांना आमच्या भागात हिंडणारं कोणी हवं होतं, आणि मला ते काम मिळालं. घरात पेढे वाटले. आईने सगळ्या वस्तीत सांगितलं, पोरगी डॉक्टरांसोबत लागली. डॉक्टर नागपुरात आणि मी अर्जुनीच्या बसमध्ये, पण आईला कोण सांगणार!

काम असं होतं. सरांकडे कमरेला अडकवायची छोटी यंत्रं आली होती, काडेपेटीपेक्षा जरा मोठी. माणूस चालला की कंबर हलते, आणि तेवढ्यावर ते पावलं मोजायचं. सरांना त्यावरून गावाकडची माणसं दिवसभर किती हालचाल करतात ते पाहायचं होतं. पण त्याआधी यंत्राचा आकडा आपल्या माणसांवर खरा ठरतो का, हे तपासणं आलं. म्हणून माझ्या हातात दुसरं एक लोखंडी यंत्र दिलं. अंगठ्याने दाबलं की कट्ट करून एक आकडा पुढे सरकायचा. समोरचा माणूस चालणार, त्याच्या कमरेचं यंत्र मोजणार, मी डोळ्याने पाहून मोजणार, आणि दोन्ही आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहिणार.

सुरुवात सडक अर्जुनीला झाली. हायवेच्या कडेने मी ढाब्यावरच्या माणसांना चालवत होते आणि मागून कट्ट कट्ट करत जात होते. एका ट्रकवाल्याने विचारलं, "मॅडम, ये कौनसा मीटर है? कितना किराया हुआ?" मी म्हटलं, "आपकी ट्रक से ज्यादा सच बोलता है." आणि खरंच, तिथे यंत्र पास झालं. पाचशेला दोन-चारचा फरक, त्याहून जास्त नाही. सर फोनवर खुश. म्हणाले, आता शेतात काम करणाऱ्या बायांवर पाहा.

म्हणून मी इटियाडोहच्या कालव्याकाठच्या एका गावात गेले. धरणाच्या पाण्यावर तिथे उन्हाळी धान घेतात, त्यामुळे माघाच्या थंडीत रोवणी चालू होती. अकरा बायांची टोळी. त्यात जी सगळ्यात मोठी, जिच्या शब्दावर टोळी उठायची-बसायची, तिला सगळ्या मावशी म्हणायच्या, मीही म्हणू लागले. पन्नाशीची असेल. उजवा गुडघा दुखायचा, म्हणून चालताना जरा कलायची. तोंड मात्र अजिबात कलायचं नाही, सरळ लागायचं. पहिल्या दिवशी यंत्र पाहून म्हणाली, "हे का वो? ताईत हाये का? माह्या नवऱ्याची दारू सुटते का यानं?" सगळ्या बाया खिदळल्या. मी समजावून सांगितलं तर म्हणाली, "आमची पावलं मोजाले नागपूरवरून मशीन आली! आमाले इचारलं असतं तं आमीच सांगतलं असतं. लय होतात."

रोज एकीची पाळी लावली. सकाळी कामाला लागायच्या आधी मी तिच्या कमरेला यंत्र बांधायचे. लुगड्याचा कासोटा घट्ट मारलेला, त्याच्या वळीत यंत्र खोचून वरून पट्टा आवळायचा. मग ती बांधीत उतरायची आणि मी धुऱ्यावर, कडेच्या कोरड्या बांधावर, उभी राहून मोजायला लागायचे. रोवणी पाहिली नसेल त्याला सांगते, बाया चिखलात ओळीने उभ्या राहतात, कमरेत वाकतात, पुढ्यात रोप खोवतात आणि एकेक पाऊल मागे सरकतात. चिखलातून पाय निघाला की पचक आवाज येतो. पचक झालं की मी कट्ट करायचे. सकाळभर पचक आणि कट्ट, दुसरं काही नाही.

जेवणाच्या वेळेला मोजणी संपायची. नियमाने पाहिलं तर बाई वर आली की लगेच यंत्राचा आकडा टिपून घ्यायचा, असं सरांनी बजावलं होतं. पण बायांचे हात चिखलाने भरलेले, पोटात भूक, आणि कासोट्याशी झटत बसायला कोणालाच उसंत नाही. मावशी म्हणाली, "आधी जेऊ दे पोरी, मंग सोड तुहं ते." मीही पहाटे पाचला उठून पहिली बस धरलेली असायची. त्यांच्यासोबत भात आणि लाखोळीची डाळ खायची, ऐनाच्या झाडाखाली ओढणी तोंडावर घेऊन डोळा लावायचा, आणि बाया पुन्हा कामाला उठल्या की यंत्र सोडून आकडा लिहायचा, अशी मला सवय लागली. जेवणाच्या सुट्टीत कोण कुठे चालतं, असं मी स्वतःला समजावलं.

पहिल्याच दिवशी माझ्या अंगठ्याने एक हजार सातशेच्या वर मोजले होते. यंत्राने दाखवले एकशे चाळीस. मला वाटलं, यंत्र बिघडलं. दुसऱ्या दिवशी दुसरं बांधलं, तेही तसंच. आठवडाभर हेच. शनिवारी दुसऱ्या, रेल्वेवाल्या अर्जुनीच्या स्टेशनजवळच्या फोन बूथवरून मी सरांना आकडे वाचून दाखवले. सर शहाणे माणूस, रागवायचे तेही 'तुम्ही' म्हणून. म्हणाले, "हे बघा, रस्त्यावर हीच यंत्रं बरोबर चालली. म्हणजे एकतर तुम्ही पट्टे नीट बांधत नाही, किंवा झाडाखाली बसून अंदाजे आकडे लिहिता. मी आरोप करत नाही. पण पुढच्या आठवड्यात हे सुधारलं नाही, तर मला दुसरं माणूस पाठवावं लागेल."

आईने सगळ्या वस्तीला सांगितलेलं डोळ्यासमोर उभं राहिलं. खोटारडी ठरून घरी जायचं? माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, तेव्हा तर वय तेवीस. सोमवारी बांधीवर गेले ती थेट बायांवरच उखडले. "तुम्ही पट्टे सैल करता! चिखल लागू नये म्हणून वर सरकवता! तुमच्या चुकीने माझी नोकरी जाऊन राहिली, कळतं का?"

मावशीने हातातली रोपांची जुडी पाण्यात टाकली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आमी काऊन सैल करू? तू बांधतं तसाच रायते. बोंबलू नको सकारी सकारी. बांध कोनाले बांधायचं ते." मी बांधलं. कट्ट कट्ट सुरू केलं. अंगठा दुखत होता आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं.

आणि बाप्पा, त्या दिवशी आकडे जुळले! माझे एक हजार सहाशे आणि काही, यंत्राचे त्याच्यापेक्षा ऐंशीनं कमी. मी टुणकन उडीच मारली. मंगळवारी जुळले. बुधवारीही जुळले. बुधवारी संध्याकाळी मी मुद्दाम बूथवर थांबून सरांना फोन केला. सर म्हणाले, "पाहिलंत? नीट बांधलं की नीट येतं. शाब्बास." माझ्या जिवात जीव आला. बस सुटेपर्यंत मी स्टेशनसमोर उभी राहून दोन समोसे खाल्ले.

गुरुवारी मावशीची पाळी होती. जेवण झालं, मी झाडाखाली आडवी झाले. रोज मला मेल्यासारखी झोप लागायची, पण त्या दिवशी झाडावरच्या लाल मुंग्यांनी मानेला असा कडकडून चावा घेतला की मी ओरडतच उठले. ओढणी झटकली, पाहते तर उशाशी ठेवलेलं माझं लोखंडी यंत्र जागेवर नाही. ते होतं टोळीतल्या सगळ्यात लहान पोरीच्या हातात. ती सातवीपर्यंत शिकलेली, आकडे वाचणारी तेवढी ती एकटीच. ती कालव्याच्या पाळीवर, काठच्या उंच भरावावर, बसली होती. आणि पाळीवरून मावशी चालत होती. तरातरा. एक हात दुखऱ्या गुडघ्यावर, दुसऱ्या हाताने लुगडं सावरत, या आंब्यापासून त्या पुलापर्यंत आणि परत. बाकीच्या बाया खालून ओरडत होत्या, "आनखी चार चकरा, मावशी! हळू वो, पडशीन!"

मला आधी काही समजलंच नाही. मग लहानीने मावशीच्या कमरेला वाकून आकडा पाहिला, माझ्या यंत्रावरचा पाहिला, आणि म्हणाली, "अजून तीनशे पायजेत." तेव्हा समजलं.

मी धावत पाळीवर गेले. "काय करून राहिल्या तुम्ही?"

मावशी दचकली. मग म्हणाली, "काई नाही. पाय मोकळे करून राह्यलो."

"खरं सांगा!"

लहानी रडायलाच लागली. तिने सगळं सांगून टाकलं. मी सोमवारी ओरडले, त्यानंतर बाया आपसात बोलल्या. मशीन आपल्याला मोजत नाही, पोरीची नोकरी चालली, पोरगी तर उभ्या उन्हात खरंच मोजते, आपण पाहतो. तर मशीन भरून द्यायची. ज्या बाईची पाळी, तिने पटकन चार घास खायचे आणि आकडा भरेपर्यंत चालायचं. "अन् बरोब्बर नाही करत आमी," लहानी नाक पुसत म्हणाली, "थोडं कमीच ठेवतो. मंग सरले शंका नाही येत."

सकाळपासून तीन तास वाकून काम केलेल्या बाया. दिवसात पाठ टेकायला मिळते ती तेवढी एक वेळ. ती त्या माझ्यासाठी पाळीवरून चकरा मारण्यात घालवत होत्या, आणि मी ओढणीखाली घोरत होते. आठवलं की आजही मला लाज वाटते. तेव्हा मात्र मला रागच आला. मी ओरडले, "काऊन केलं असं? कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"तूच तं म्हनली, आमच्या चुकीनं जाऊन राह्यली," मावशी म्हणाली. "आमची चुकी होती तं आमीच भरून देऊन राह्यलो. आता कायले ओरडतं?"

मी पाळीवर बसून हमसून हमसून रडले. मावशी माझ्या बाजूला बसली, गुडघा दाबत. थोड्या वेळाने तिने कमरेला हात लावला आणि विचारलं, "पन मले एक सांग. आता चालली तं हे मोजते. बांधीत काऊन नाही मोजत? पाय तं तेच हायेत ना?"

बस्स. इतक्या दिवसांत हा प्रश्न मला सुचला नव्हता, सरांनाही नव्हता. मी यंत्र तिच्या कमरेवरून सोडलं, माझ्या ओढणीने स्वतःच्या कमरेला बांधलं, सलवार गुडघ्यापर्यंत ओढली आणि आयुष्यात पहिल्यांदा बांधीत उतरले. पाणी असं गार की दात वाजले. मावशीने हातात जुडी दिली, कंबर कशी वाकवायची ते दाखवलं. मी रोप खोवायचे आणि मागे सरकायचे, रोप खोवायचे आणि मागे सरकायचे. पन्नास पावलं झाल्यावर पाहिलं. यंत्राने एकही धरलं नव्हतं. सरळ उभी राहून चिखलातच पाय हलवले, तर आतून टिक टिक आवाज आला. पुन्हा वाकले, आवाज बंद. धुऱ्यावर येऊन मी यंत्राचं झाकण उघडलं. आत स्प्रिंगवर एक चिमुकला दांडा होता. यंत्र उभं धरून हलवलं की तो वरखाली उडायचा. आडवं धरलं की पडून राहायचा. रोवणी करणाऱ्या बाईची कंबर आडवी असते, आणि तिच्यासोबत यंत्रही आडवं.

मावशीने ते हातात घेऊन उलटसुलट केलं. म्हणाली, "म्हंजे वाकल्या मानसाले हे वळखतच नाही."

त्या संध्याकाळी मी बूथवर किती वेळ उभी होते, ते मलाच माहीत. गप्प बसले असते, तर नोकरी पक्की होती. बायांनी तर उद्याही चालायची तयारी ठेवली होती, म्हणाल्या, आमाले का होते, चार चकरा. पण मग कागदावर काय लागलं असतं? की यंत्र बरोबर आहे. आणि पुढे ते कुठे कुठे बांधून कोणी लिहिलं असतं की धान रोवणारी बाई दिवसभर जवळजवळ बसून असते. माझी आईसुद्धा त्यात आली असती. मी नंबर फिरवला आणि सरांना सगळं सांगितलं. आधी माझी चूक, की आकडा मी वेळेवर टिपत नव्हते. मग हे, की ते तीन दिवस खोटे आहेत. मग दांडा. शेवटी म्हटलं, "सर, काढायचं तर काढा. पण एकदा इथे येऊन स्वतः वाका."

सरांनी गाव कुठलं, बस कोणती, ते विचारून घेतलं. मग म्हणाले, "शनिवारी येतो."

खरंच आले. गोंदियाहून गाडी बदलून अर्जुनीला उतरले, तिथून बसने. पँट वर दुमडून बांधीत उतरले तेव्हा बायांचं हसणं आवरेना. मावशीने त्यांना आपल्या आणि लहानीच्या मध्ये उभं केलं आणि म्हणाली, "सर, मांगं पाहू नका, पाय घासत सरका. पडले तं आमी उचलू." मी धुऱ्यावरून त्यांची पावलं मोजली. दहा मिनिटांत ते कमरेवर हात ठेवून सरळ झाले. माझे एक्क्याण्णव, यंत्राचे अकरा. अकरा म्हणजे मधे मधे उसासा टाकायला उभे राहिले तेवढे. सर चिखलातच उभे होते. त्यांनी दोन्ही आकडे दोनदा पाहिले आणि सगळ्यांसमोर मला म्हणाले, "तुमचा आकडा बरोबर होता. मी तुमच्यावर शंका घेतली. चुकलंच माझं." एवढा मोठा माणूस, अकरा बायांसमोर, पोटऱ्यांपर्यंत चिखलात. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. नोकरी राहिली, पुढे चार वर्षं चालली, आणि सरांनी लिहिलं की वाकून करायच्या कामात हे यंत्र चालत नाही, माणसानेच मोजलं पाहिजे.

मात्र ते तीन दिवस बाद करावे लागले. सरांनी झाडाखाली बसून त्या तीन कागदांवर लाल रेघ मारली. मग जरा थांबून विचारलं, "या बाया सुट्टीत एकूण किती चालल्या, ते तरी कळेल का?"

मी यंत्राच्या आकड्यावर बोट ठेवलं. पाळीवर त्या ताठ चालल्या होत्या, तेव्हा यंत्राने त्यांची पावलं बरोबर मोजली असणार.

"आणि तुमची मोजणी?"

"नाही सर," मी म्हटलं. "तेव्हा मी झोपले होते."

मावशी माझ्या मागे उभी होती. ती म्हणाली, "झोपू द्या हो. पाचले उठून बस धरून येते पोरगी."

बाद झालेले ते तीन कागद मी सरांकडून मागून घेतले. आजही ते कपाटात माझ्या डिग्रीखाली ठेवलेले आहेत.